जुन्या जिनिंगची दुरुस्ती : नागपूर, जानेवारी ते सप्टेंबर २०२४

इतवारी रेल्वे स्टेशनपासून पायी वीसेक मिनिटांवर एक जुनी जिनिंग-प्रेस आहे. कापसातली सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि मालगाडीत चढवायच्या, हे काम इथे काही पिढ्या चाललं. नंतर रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, भंगारात गेले आणि आवारात झुडपं माजली. आता इमारत पालिकेकडे आली आहे. तिथे मुलांसाठी अभ्यासिका आणि वाचनालय करायचं ठरलंय, आणि दुरुस्तीचं काम आमच्या लहानशा फर्मकडे आहे. गल्लीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे शेजाऱ्यांच्या घरातल्या गोष्टी येतात.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती गिरणी. आज त्या जागेवर मॉल आहे, आणि आजोबांचं खातं कुठे होतं हे मला माझ्या मुलाला दाखवता येत नाही. म्हणून या जिनिंगवर माझा जीव आहे. चुन्यातल्या जुन्या बांधकामाला हात घालणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून आमच्या चुका जशाच्या तशा लिहितो.

८ जानेवारी

मोजमाप झालं. मुख्य हॉल ३१ मीटर लांब, ११ मीटर रुंद. भिंती विटांच्या, चुन्यातल्या, दोन फुटांहून थोड्या जाड. वर १४ सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, आणि कवेलू. प्रेसची खोली मागे, वेगळी. चिमणी १९ मीटर. वरच्या भागाला चिरा आणि तोंडाशी पिंपळ.

भिंतींना बाहेरून छातीपर्यंत सिमेंटचा गिलावा आहे, कधीतरी मजबुतीच्या नावाखाली मारलेला. त्याच्या वरच्या कडेला सगळीकडे लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटलाय. जमिनीतून चढणारी ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती आणखी वर सरकते आणि गिलावा संपतो तिथे विटा खाते. दोन-तीन विटा बोटाने खरवडल्या तर पिठासारख्या झडल्या. हा गिलावा आधी काढायचा.

१२ जानेवारी

हनुमान मंदिराच्या ओट्यावर गल्लीची बैठक. चाळीसेक माणसं आली. मी अभ्यासिकेचा नकाशा मोठा छापून नेला होता. तो कुणी पाहिला नाही.

त्यांचे प्रश्न वेगळे होते. दहा वर्षांनी हे लग्नाचं लॉन होणार नाही कशावरून? मुलांच्या दोनशे गाड्या लागणार कुठे? इमारत वारसा यादीत गेली तर आमच्या घरावर मजला चढवायला आडकाठी येईल का? आणि चिमणी पडली तर? चिमणीला लागून तीन घरं आहेत. तिथल्या एका काकूंनी सांगितलं, वादळ आलं की आम्ही पुढच्या खोलीत झोपतो. सगळ्यांत जास्त बोलणं पाण्यावर झालं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते कुणी विसरलेलं नाही. ही गल्ली नदीला लागून नाही, तरी त्या रात्री नालीतून उलटं पाणी आलं. "तुम्ही आवार उंच कराल, मंग पाणी आमच्याच घरात येईन," असं एक जण म्हणाला.

मी उत्तरं दिली ती सगळी इमारतीबद्दलची. पाण्याचं पाहू, असं म्हणालो. आज कळतं की त्या संध्याकाळी मी वही काढून एकेक प्रश्न लिहून घ्यायला हवा होता. पुढचे आठ महिने याच प्रश्नांनी काम थांबवलं.

२९ आणि ३० जानेवारी

सिमेंटचा गिलावा काढायला ब्रेकर लावला. छन्नी-हातोड्याने तीन आठवडे लागले असते आणि ब्रेकरने पाच दिवसांत होईल, असा हिशेब होता. दुपारपर्यंत सात मीटर मोकळं झालं. संध्याकाळी उत्तरेकडच्या घरातून बोलावणं आलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओट्यापासून छतापर्यंत चीर होती.

ती चीर नवी की जुनी, हे मला सांगता आलं नाही. घरमालकालाही नक्की आठवत नव्हतं. काम सुरू करण्याआधी आजूबाजूच्या प्रत्येक घरात जाऊन, प्रत्येक भिंतीचा तारीख असलेला फोटो काढून, घरमालकाची सही घ्यायची असते. मला हे माहीत होतं. झुडपं तोडायची घाई होती म्हणून मागे टाकलं. दोन दिवसांचं काम होतं ते.

चीर आमच्या खर्चाने भरून दिली आणि दोन खोल्यांना रंग लावून दिला. रु. १८,५००. ब्रेकर परत पाठवला. मग १४ घरांत फिरलो, ११३ फोटो काढले आणि ९ चिरांवर काचपट्ट्या बसवल्या. चिरेवर आडवी पातळ काच ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये घट्ट करायची आणि त्यावर तारीख लिहायची. भिंत हलली तर काच तडकते. लोकांनाही ते स्वतः पाहता येतं, आम्हाला विचारावं लागत नाही.

छन्नीने काम २० दिवस चाललं.

११ फेब्रुवारी

वणीजवळच्या राजूरहून कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना आला होता, ६० पोती. विझवायचं टाकं तयार नव्हतं म्हणून पत्र्याच्या शेडखाली रचून ठेवला. रात्री अवकाळी पाऊस आला, वारा आडवा होता. दोन वाजता चौकीदाराचा फोन: पोत्यांतून वाफ निघून राह्यली.

मी पोचलो तेव्हा खालच्या थरातली दोन पोती जळत होती. कळीच्या चुन्याला थोडंसं पाणी लागलं की तो तापतो, फुगतो आणि पोतं पेटवतो. शेजारचे लोक बादल्या घेऊन धावत आले होते आणि मी त्यांना ओरडून थांबवत होतो. त्या अंधारात त्यांना ते किती विचित्र वाटलं असेल. चार मुलांनी फावड्याने कोरडी पोती ओढून बाजूला केली. एकाच्या हाताला चटका बसला. त्याला रात्रीच दवाखान्यात नेलं, सकाळी घरी सोडलं. २२ पोती गेली, रु. ८,८००. पैशांपेक्षा त्या मुलाचा हात माझ्या जास्त लक्षात आहे. चष्मे आणि रबरी हातमोजे साइटवर होते, पण कुलपात.

चुना येण्याच्या आधी टाकं भरलेलं असलं पाहिजे. गाडीतून उतरला की थेट भरपूर पाण्यात.

२० फेब्रुवारी

विझवलेला चुना नऊ दिवसांचा झाला होता. मिस्त्री म्हणाले, थांबा. मी म्हणालो, प्रेसच्या खोलीत आतून गिलावा करून पाहू. केला.

६ मार्च

त्या गिलाव्यावर फुटाणे फुटल्यासारखे खड्डे पडलेत. आत न विझलेले कण राहिले होते. ते नंतर ओल पिऊन फुगले आणि वरचा पापुद्रा उडवला. ५८ चौरस मीटर खरवडून काढला. रु. २६,०००. यापुढे चुना चार आठवडे पाण्याखाली राहील आणि बारीक जाळीतून गाळल्याशिवाय घाणीत, म्हणजे मसाला मळायच्या चक्कीत, जाणार नाही. मिस्त्रींचं नाव घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं की ते बरोबर होते.

प्रमाण आता ठरलंय: एक घमेलं चुना, एक कन्हानची वाळू, एक सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. वाळू चाळून आणि धुऊन घ्यायची. घाणीचं चाक निदान दीड तास फिरलं पाहिजे. गूळ आणि बेलफळाचं पाणी मिस्त्री त्यांच्या हिशेबाने टाकतात. त्यात मी पडत नाही, त्यांचा हात माझ्यापेक्षा जुना आहे.

मार्च, छपराचं काम

कवेलू उतरवले. कैच्यांचं सागवान मधे लोखंडासारखं आहे, पण भिंतीत घुसलेली टोकं १४ पैकी ९ कैच्यांची कुजलीत. पन्हाळ तुंबून तिथे वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं. अख्ख्या कैच्या बदलायला सांगणारे बरेच भेटले. आम्ही कुजलेला भाग तेवढाच कापला आणि जुन्या वाड्यांतून निघालेलं सागवान तिरक्या सांध्याने जोडलं, वरून पोलादी बोल्ट. घनफुटाला २,८०० रुपये पडले. नवं लाकूड घेतलं नाही, कारण ते वाळताना आक्रसतं आणि सांधा सुटतो.

२५ मार्चला धुळवड. बालाघाटकडचे मजूर होळीला गेले ते नऊ दिवसांनी आले. पुढे आंबेडकर जयंती, मग १९ एप्रिलचं मतदान. एप्रिलच्या पहिल्या तीन आठवड्यांत पूर्ण हजेरीचे दिवस अकरा. वेळापत्रक करताना हे धरलंच नव्हतं.

२३ एप्रिल

पश्चिमेच्या भिंतीचे सांधे भरून झाले होते, आणि आज नखाने टोकरल्यावर वाळूसारखे गळाले. चुना वाळून घट्ट होत नाही. ओल असताना हवा शोषून तो हळूहळू दगड होतो. एप्रिलच्या उन्हात पश्चिमेची भिंत दुपारी हात लावू देत नाही. तिथे मसाला तासाभरात कोरडा पडला आणि मेला. गोणपाट टांगले होते, पण दुपारी ते ओले ठेवायला माणूसच नेमला नव्हता.

संपूर्ण भिंत परत. रु. ६२,०००, आणि १६ दिवस. सगळ्या कामातली ही सगळ्यांत महाग चूक. आता पहाटे साडेपाच ते दहा काम, मग सुट्टी, परत संध्याकाळी पाच ते साडेसात. विटा आदल्या रात्रीपासून भिजवायच्या. दोन रेजा, म्हणजे मजूर बाया, दिवसभर फक्त गोणपाटावर पाणी मारतात, त्यांची मजुरी वेगळी धरली. पहाटेच्या कामाबद्दल शेजाऱ्यांना आधी विचारलं. घाणीची मोटर साडेसातच्या आधी लावायची नाही, या अटीवर ते हो म्हणाले.

२७ एप्रिल

सुरखी आवारातच कुटत होतो. जुन्या तुटक्या विटा आणि कवेलूचे तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून. सकाळी अकराला चिमणीजवळच्या काकू थेट आवारात आल्या आणि त्यांनी प्लास्टिकचा कागद माझ्यासमोर पसरला.

"हे काय करून ठेवलं भाऊ तुम्ही? तीन दिवस गहू भिजवले, पहाटे चारले उठून चीक शिजवला. पाहा."

कुरोड्या सगळ्या लाल झाल्या होत्या. मागून आणखी तिघी आल्या. कुणाच्या मुंगवड्या, कुणाचे साबुदाण्याचे पापड. वर्षभराचं वाळवण असतं ते, आणि ते करायला हेच पंधरा-वीस दिवस. मी हिरवी जाळी फक्त रस्त्याच्या बाजूला लावली होती. तिकडून अधिकारी येतात म्हणून, हे मला कबूल केलं पाहिजे. गच्च्या होत्या दुसऱ्या बाजूला.

मी पैसे देऊ केले. काकू म्हणाल्या, "मले पैसे नको. मले एवढं सांगा, उद्या धूळ येईन का नाही?"

त्या वाक्याने माझं काम बदललं. त्यांना भरपाईपेक्षा तारीख हवी होती. त्याच संध्याकाळी फाटकावर फळा लावला. धुळीचं काम कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ. आवाजाचं काम कधी. गाडी कधी येणार. १५ मे पर्यंत सुरखी कुटणं पूर्ण बंद ठेवलं आणि तयार सुरखी विकत आणली. त्यानंतरही पाण्याचा शिडकावा करत, बंद खोलीतच कुटली. चार घरांना गहू, साबुदाणा आणि मूगडाळ आणून दिली, ती त्यांनी घेतली. रु. ४,२००.

फळ्यावर लिहिलेलं एकदा चुकलं की कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून रोज रात्री मीच लिहितो. तेव्हापासून फाटकावर भांडण झालं नाही. प्रश्न आले, पण ते फळ्यासमोर उभं राहून.

९ मे

आता पाण्याबद्दल, कारण ते टाळत आलो होतो. फेब्रुवारीत निघालेला मलबा बाहेर टाकायचा खर्च वाचवायला आम्ही तो आवारातच पसरला होता. आवार जवळपास वीत-दीड वीत उंच झालं. जानेवारीतल्या बैठकीत ज्याची भीती घातली गेली होती, नेमकं तेच मी केलं होतं, आणि गल्लीतल्या प्रत्येकाने ते पाहिलं होतं.

गल्लीत एक काकाजी आहेत, वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी या जिनिंगच्या बॉयलरवर होते. मार्चमध्ये ते दोनदा मला म्हणाले होते, प्रेसखाली मोरी आहे. मी हो हो म्हणून सोडून दिलं, कारण आमच्या नकाशात ती नव्हती. आज पुन्हा आले. "बॉयलरचं पाणी कुठं जाय मंग? हवेत? इथं खोदा."

काठीने दाखवलेल्या जागी खोदलं. चार फुटांवर विटांची कमान लागली. माणूस वाकून जाईल एवढी मोरी, गाळाने भरलेली, मागच्या नाल्याच्या दिशेला उतार. पोत्याने गाळ काढायला १२ दिवस लागले. आतल्या विटा बाहेरच्या भिंतींपेक्षा चांगल्या निघाल्या. मलबा ३१ ट्रॉल्या भरून पालिकेने नेमून दिलेल्या जागी टाकला. ट्रॉलीला १,१०० प्रमाणे रु. ३४,१००. फेब्रुवारीतच टाकला असता तर यातला बराचसा खर्च करावाच लागला असता, पण आवार दोनदा सारखं करावं लागलं नसतं, आणि तीन महिने लोकांच्या नजरेला नजर देणं जड गेलं नसतं.

काकाजी मोरीच्या तोंडाशी खुर्ची टाकून रोज बसतात.

३० मे

आज शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले, दिवसभर सगळ्यांच्या फोनवर तेच. नंतर हवामान खात्याने तो सेन्सरमधला बिघाड असल्याचं सांगितलं. आम्ही आकड्याची वाट पाहिली नव्हती. सकाळी नऊलाच काम बंद केलं होतं. परांचीचे लोखंडी पाइप हातात धरवत नव्हते.

३ ते १४ जून, चिमणी

पाडायची की ठेवायची, यावर गल्लीचे दोन भाग पडले होते. पाडा म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही; मीही तिच्याखाली झोपत नाही. फेब्रुवारीत आणि आता जूनमध्ये इंजिनिअरिंग कॉलेजच्या दोन प्राध्यापकांनी यंत्राने मोजणी केली. चिमणी ओळंब्यापासून ९ सेंटिमीटर झुकलेली आहे, आणि चार महिन्यांत त्यात काही फरक पडलेला नाही. दोन्ही आकडे फळ्यावर लावले. वरचा १.४ मीटर भाग मात्र सैल होता. तो एकेक वीट हाताने उतरवायचा आणि तिथेच परत बांधायचा ठरला.

पिंपळाला हात लावायला आमचा एकही गडी तयार होईना. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्यामुळे रीतसर परवानगी आधीच घेतलेली होती. पण अडचण कागदाची नव्हती. शेवटी मंदिरातल्या महाराजांना विचारलं. त्यांनी सांगितलं, मुळासकट जिवंत काढा आणि दुसरीकडे लावा. नारळ फुटला. विटांचे थर उतरवत गेलो तशी मुळं मोकळी होत गेली. वरून कापून औषध टाकलं असतं तर मुळं आत कुजून पोकळी राहिली असती. थर उतरवून काढणं हेच बांधकामासाठीही बरोबर होतं. सहा रोपं निघाली. चार जगली आहेत, दोन मंदिरामागे आणि दोन नाल्याच्या काठाला.

वरचा भाग ११ जूनला बांधून झाला. मला तो ५ तारखेपर्यंत हवा होता.

१६ जून

पाऊस. ताडपत्री बांधली होती, पण वाऱ्याने पूर्वेची कड उचलली आणि ओल्या सांध्यांतला चुना धुपून खालच्या विटांवर पांढरे ओघळ आले. वरचे पाच थर परत उघडून भरले. परांची आणखी आठ दिवस ठेवावी लागली, रु. १४,०००. ताडपत्री दोरीने बांधून चालत नाही. बांबूच्या चौकटीवर ताणून, चौकट परांचीला जखडायची. वीजरोधक पट्टी खालपर्यंत उतरवून जमिनीत सोडली, तिची तपासणीही झाली.

चिमणीखालच्या तीन घरांतल्या सगळ्यांना परांची उतरवण्याआधी वर नेऊन दाखवलं. ज्यांना चढवत नव्हतं त्यांना फोनवर. काकू चढल्या. वरून त्यांना त्यांची गच्ची दिसली.

२० जुलै

पहाटेपासून मुसळधार. शहरात ठिकठिकाणी पाणी, शाळांना सुट्टी. सात वाजता मी गल्लीत पोचलो तेव्हा पाणी पोटरीपर्यंत होतं आणि सगळे उंबऱ्यांवर उभे. माझे पाय गार पडले होते.

नालीचं तोंड आपण मे महिन्यात मोरीला जोडलं होतं, वर लोखंडी जाळी टाकून. त्या जाळीवर कचरा अडकला होता. आमचा एक गडी आणि गल्लीतली दोन मुलं पाण्यात उतरली, हाताने पिशव्या ओढून काढल्या. मग पाण्याला ओढ लागली. साडेनऊपर्यंत गल्ली मोकळी. एका घरात पाणी शिरलं, चिमणीपासून तिसऱ्या. त्यांचा उंबरा रस्त्याच्याही खाली आहे. तो उंच करून द्यायचं कबूल केलं आणि २ ऑगस्टला करून दिला.

काकाजींनी खिडकीतून सगळं पाहिलं. मी त्यांच्या पाया पडलो.

जाळी एकच ठेवू नका. आता दोन आहेत: पुढे मोठ्या भोकांची, तिरकी, बाहेरून काढता येणारी, आणि मागे बारीक. पावसाळ्यात रोज सकाळी साफ करायची पाळी गल्लीतल्या मंडळाच्या मुलांनी घेतली आहे.

ऑगस्ट

कवेलू पूर्ण चढले. जुन्यांपैकी दोन तृतीयांश वापरता आले. ते रस्त्याच्या बाजूच्या उतारावर घातले, मागच्या उतारावर नवे. फरशी, वायरिंग, रॅम्प. यात सांगण्यासारखं विशेष काही नाही, सगळं वेळेत झालं.

लॉनच्या भीतीवर उत्तर मिळालं. वापर अभ्यासिका आणि वाचनालय एवढाच, ध्वनिक्षेपक नाही, असं पालिकेच्या ठरावातच लिहिलं गेलं. त्याची प्रत मंदिरात लावली आहे. वारसा यादीबद्दलही अधिकाऱ्यांनी येऊन समजावलं: यादीतली नोंद या इमारतीची, शेजारच्या घरांची नाही. हे पहिल्या महिन्यात व्हायला हवं होतं. मी विनंतीच जुलैमध्ये केली.

३ सप्टेंबर

काल पोळा, आज तान्हा पोळा आणि मारबत. काम बंद. काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली तशी गल्ली रिकामी झाली, सगळे इतवारीत. आपली मुलंही एक लहानसा बडग्या, म्हणजे मिरवणुकीतला पुतळा, घेऊन गेली, कागदाचा, आणि त्याच्या गळ्यात पाटी: "सुरखीची धूळ घेऊन जा गे मारबत." मी पुढे होऊन तो उचलायला हात लावला. वर्षभराची ईडापिडा त्या आरोळीबरोबर जाते असं आजी म्हणायची, आणि त्या गर्दीत मलाही मनापासून ओरडावंसं वाटलं.

१७ सप्टेंबर

काम जूनअखेर संपायचं होतं. अजून दोन आठवडे लागतील. आमच्याच चुकांमुळे झालेला जादा खर्च मी वेगळा लिहीत आलो. तो रु. १,६७,६०० भरतो, आणि तो आमच्या फर्मने सोसला आहे. त्यात पश्चिमेची भिंत एकटी ६२,००० ची.

पार्किंगचं सुटलेलं नाही. आवारात सायकली आणि ३५ दुचाकी मावतात. त्याहून जास्त आल्या तर त्या गल्लीतच लागणार, आणि लोकांची ती तक्रार खरी आहे. अर्धी मुलं सकाळी, अर्धी संध्याकाळी अशी वेळ वाटून देण्याचं बोलणं चालू आहे.

काकाजींना भोंगा परत बसवायचाय, दिवसातून एकदा, सकाळी सातला. प्रेसच्या खोलीत पितळी भोंगा सापडला, शाबूत आहे. पहाटे ड्यूटीवरून येणाऱ्या एका घराने नको म्हटलं. आता तो अभ्यासिकेच्या दारात काचेच्या कपाटात ठेवतोय.

नऊ काचपट्ट्या आज सगळ्या घरमालकांसोबत पाहिल्या. आठ जशाच्या तशा. एक तडकली आहे, उत्तरेच्या त्याच स्वयंपाकघरातली, केसाएवढी. जुलैच्या पावसानंतर पाया बसला असावा, पण माझ्या वाटण्यावर सोडत नाही. तिथे आज दुसरी काच बसवली, त्यावर तारीख घातली. डिसेंबरात येऊन पाहीन असं त्यांना सांगितलंय.